१.३ मल्टिजेट: जुनी डिझेल गाडी घेताना आधी कानाने तपासायचं इंजिन

मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटांनी क्वाड्राजेट म्हटलं, फियाटने स्वतःचं मल्टिजेट हे नाव ठेवलं. बॉनेट उघडलं की खाली इंजिन एकच: फियाटचं १२४८ सीसीचं चार सिलिंडरचं टर्बो डिझेल. जानेवारी २००७ मध्ये स्विफ्ट डिझेल आली तेव्हापासून ३१ मार्च २०२० पर्यंत, म्हणजे बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू होईपर्यंत, हे इंजिन इतक्या कंपन्यांच्या इतक्या गाड्यांत बसलं की त्याला देशाचं इंजिन म्हणायची पद्धतच पडली. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एसएक्स-४, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा, बलेनो, पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा, मांझा, झेस्ट, बोल्ट, शेव्हर्ले सेल, एन्जॉय. यादी अजून लांबेल. आता नवीन गाडीत ते मिळत नाही. त्यामुळे हे परीक्षण आहे ते ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांच्यासाठी, आणि जे सेकंडहँड बाजारात तिच्यावर पैसे घालायला निघाले आहेत त्यांच्यासाठी.

मूळ इंजिन २००३ मध्ये युरोपात आलं, पोलंडमधल्या बिएल्स्को-बियावा इथल्या कारखान्यातून. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय ‘इंजिन ऑफ द इयर’ पुरस्कारांत १ ते १.४ लिटरच्या गटात ते पहिलं आलं. भारतात ते मुख्यतः दोन ठिकाणी बनायचं: सुझुकीच्या मानेसरच्या कारखान्यात आणि पुण्याजवळ रांजणगावला, फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या कारखान्यात. मारुतीची डिझेलची मागणी मानेसरला पुरी पडेना, तेव्हा २०१२ मध्ये मारुतीने रांजणगावहून वर्षाला एक लाख इंजिनं घेण्याचा करार केला. त्यामुळे रस्त्यावरच्या कित्येक मारुतींचं इंजिन आपल्या शिरूर तालुक्यातून गेलेलं आहे.

कागदावरचे आकडे आणि रस्त्यावरचा स्वभाव

बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६९.६ मिमी; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८२ मिमी. म्हणजे स्ट्रोक बोअरपेक्षा बराच लांब. कमी आरपीएमला जोर यावा म्हणून केलेली रचना. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, वर दोन कॅमशाफ्ट आणि सोळा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरखाली हायड्रॉलिक लिफ्टर आहेत, त्यामुळे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करण्याचा प्रश्न येत नाही. ‘टॅपेट सेट करून देतो’ असं कुणी या इंजिनाबद्दल सांगितलं तर गाडी तिथून बाहेर काढा. इंधनाची यंत्रणा कॉमन रेल, म्हणजे चारही इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून दाबाखालचं डिझेल. एका स्फोटासाठी डिझेल एकाच दमात न सोडता छोट्या छोट्या टप्प्यांत सोडलं जातं, आणि मल्टिजेट हे नावही त्यावरूनच आलं. जुन्या डिझेलचा तो खडखडाट या इंजिनात कमी वाटतो त्याचं कारण हेच.

भारतात दोन मुख्य रूपं आली. फरक टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा. ७५ पीएसच्या इंजिनावर साधा, म्हणजे वेस्टगेटचा टर्बो: ४००० आरपीएमला ७५ पीएस, आणि मारुतीच्या गाड्यांत २००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर टॉर्क. ९० पीएसच्या इंजिनावर व्हीजीटी, म्हणजे आतली पाती कोन बदलतात असा टर्बो: टॉर्क २०० न्यूटन मीटर आणि तो १७५० लाच हाती येतो. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, बोल्ट ही ७५ ची मंडळी. एसएक्स-४, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा, मांझा ९० ची. फियाटने लिनियाला थोडं वर नेऊन ९३ पीएस आणि २०९ न्यूटन मीटर दिले होते.

आकड्यांत फरक लहान दिसतो, चालवताना मोठा आहे. ७५ पीएसचं इंजिन १८०० आरपीएमच्या खाली झोपलेलं असतं. २००० च्या आसपास टर्बो भरला की गाडी एकदम पुढे झेपावते. खंबाटकी किंवा ताम्हिणीत वळण घेताना आरपीएम १५०० पर्यंत खाली आले आणि तुम्ही तिसऱ्यातच राहिलात तर पाय पूर्ण दाबूनही गाडी उठत नाही. तिथे न संकोचता दुसरा टाकायचा. पाय दाबून वाट बघत बसलं की सायलेन्सरमधून काळा धूर निघतो आणि तीच काजळी पुढे ईजीआरमध्ये, म्हणजे जळका धूर परत आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, साठते. शहरात हाच स्वभाव क्लचच्या मुळावर येतो, कारण टर्बोच्या आधीची पोकळी भरून काढायला चालक हाफ क्लचवर गाडी ओढतो. चढावरच्या सिग्नलला हँडब्रेक वापरणाऱ्याची क्लचप्लेट आणि न वापरणाऱ्याची क्लचप्लेट यांच्या आयुष्यात दुपटीचा फरक पडलेला दिसतो.

अ‍ॅव्हरेजबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत २०११ च्या स्विफ्टला २२.९, २०१४ च्या स्विफ्टला २५.२ आणि २०१८ च्या स्विफ्टला २८.४ किलोमीटर प्रतिलिटर असे आकडे होते. प्रत्यक्ष हायवेवर ८०-९० च्या वेगात २० च्या वर सहज मिळतात. तेवढे मिळत नसतील तर इंजिनात काहीतरी बिघडलं आहे असंच समजावं.

चेन: ‘लाइफटाइम’ या शब्दाने केलेलं नुकसान

या इंजिनाचं टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह कधी उघडायचे-मिटायचे ते, चेनवर चालतं, बेल्टवर नाही. चेन बदलण्याचा ठरावीक किलोमीटरचा टप्पा मॅन्युअलमध्ये दिलेला नाही, आणि इथूनच सगळी गडबड सुरू होते. ‘चेन आहे, बघायलाच नको’ ही समजूत या इंजिनाची सर्वांत मोठी शत्रू आहे.

चेन एकेरी आहे, बारीक आहे. तिला ताणून धरणारा टेन्शनर हायड्रॉलिक, म्हणजे इंजिन ऑइलच्या दाबावर चालणारा. म्हणून चेनचं आयुष्य किलोमीटरवर ठरत नाही, ऑइलवर ठरतं. ऑइल जुनं झालं की त्यातली काजळी चेनच्या पिना आणि बुश बारीक सँडपेपरसारखी घासत राहते. प्रत्येक कडी केसभर सैल होते, आणि सगळ्या कड्या मिळून चेन लांबते. त्यातच ऑइलची पातळी खाली गेली असेल तर सकाळी पहिल्या सेल्फला टेन्शनरपर्यंत दाब पोचायला वेळ लागतो. तेवढा वेळ सैल चेन तिला वाट देणाऱ्या पट्ट्यांवर, म्हणजे गाइडवर, आपटते. गाइड प्लास्टिकच्या आहेत. त्या झिजतात, तुटतात आणि त्यांचे तुकडे खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठणाऱ्या पात्रात, पडतात.

लक्षण कानाला कळतं. इंजिन पूर्ण गार असताना सुरू करा आणि फॅनबेल्टच्या बाजूला कान द्या. एखादा सेकंद खळखळ होऊन थांबली तर लगेच ऑइल आणि फिल्टर बदलून पुन्हा ऐका. तीन-चार सेकंद साखळी डब्यात हलवल्यासारखा आवाज येत राहिला, किंवा इंजिन गरम झाल्यावरही आयडलला तो ऐकू आला, तर चेन उतरवायची वेळ झाली. बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी००१६, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नसल्याचा कोड दिसत असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. टो करून न्या.

चेनने दात सोडला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो. या इंजिनात बहुधा आधी रॉकर मोडतात, आणि कधी कधी व्हॉल्व्ह त्यामुळे वाचतात. म्हणून चेन तुटलेल्या गाडीचं हेड उतरवण्याआधी वरचं कव्हर काढून रॉकर पाहावेत, मग कॉम्प्रेशन किंवा लीकडाऊन (सिलिंडरमधून दाब गळतो का ते पाहणारी) चाचणी करून व्हॉल्व्ह वाकले आहेत का ते ठरवावं. काही न पाहता ‘इंजिन गेलं, दुसरं बसवू’ म्हणणाऱ्याला आधी ही तपासणी करायला सांगा.

काम निघालंच तर अर्धवट करू नका. चेन, टेन्शनर, दोन्ही बाजूंच्या गाइड, स्प्रॉकेट आणि क्रँकचं पुढचं ऑइल सील एकत्रच बदला. नवी चेन जुन्या स्प्रॉकेटवर चढवली तर झिजलेले दात तिला लवकर खातात. टायमिंग लावताना कॅमशाफ्ट आणि क्रँक लॉक करण्याच्या खास पिना लागतात. व्हाइटनरने खुणा करून हे काम करणाऱ्याकडे ते देऊ नका. आणखी एक गोष्ट समोर उभं राहून पाहा: पुढचं कव्हर बसवताना सिलिकॉन किती लावलं जातं. बारीक, सलग रेघ पुरते. जास्त लावलं की आतल्या बाजूला निघालेली गोळी सुटून ऑइलच्या जाळीत अडकते, दाब पडतो आणि नव्या चेनसकट सगळं इंजिन धोक्यात येतं. चेंबर उतरवलेलाच असतो, तेव्हा जाळी धुऊन गाइडचे तुकडे काढून घ्यावेत.

तीन लिटर ऑइल

फिल्टरसकट या इंजिनात सुमारे तीन लिटर ऑइल मावतं. टर्बो असलेल्या इंजिनाच्या मानाने हे कमी आहे. अर्धा लिटर ऑइल खाली गेलं म्हणजे एक षष्ठांश गेलं, हे लक्षात घेतलं की पट्टी दर पंधरा दिवसांनी का बघायची ते कळतं. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पट्टी काढा, पुसा, पुन्हा घाला, मग वाचा. पातळी दोन खुणांच्या मधल्या वरच्या भागात हवी. ऑइल बदलल्यावर दोनच दिवसांत काळं पडतं, त्याने घाबरू नये. डिझेलमध्ये ते व्हायचंच. घाबरायचं ते पातळी आपोआप वाढली तर. याचा अर्थ गळक्या इंजेक्टरमधून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. पट्टीला वास घेऊन पाहा.

मारुतीने १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असा टप्पा दिला, फियाटने १५ हजारांचा. आमचा स्पष्ट सल्ला: शहरात चालणाऱ्या गाडीचं ऑइल साडेसात हजारांना बदला, फक्त हायवेला चालणारीचं १० हजारांना. १५ हजारांपर्यंत कुणीही जाऊ नये. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं सिंथेटिक, ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४०, तेच घाला. टेम्पोत घालतात ते जाड ऑइल ‘जुनं इंजिन आहे, जाड चालेल’ म्हणून ओतलं तर गार असताना ते टेन्शनरला आणि टर्बोच्या बेअरिंगला वेळेत पोचत नाही. फिल्टर कागदी आहे, टोपणात बसतो. नव्या फिल्टरसोबत येणारी रबरी रिंग बदललीच पाहिजे, आणि फिल्टर विश्वासाच्या दुकानातून, पावतीसह घ्या. इथे वाचवलेले शंभर रुपये फार महाग पडतात.

टर्बो आणि त्याचे पाइप

टर्बोच्या नावाने गॅरेजमध्ये येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचा टर्बो चांगला असतो. फाटलेला असतो तो इंटरकूलरकडे, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाकडे, जाणारा रबरी पाइप. लक्षणं ठरलेली: पिकअप गेला, पाय दाबला की फुस्स असा आवाज, काळा धूर, आणि स्कॅनरवर पी०२९९, म्हणजे दाब कमी. इंजिन बंद करून पाइपवर हात फिरवा. जिथे ऑइलचा ओलसर डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसेल तिथे चीर असते. बहुतेकदा ती खालच्या बाजूला, क्लिपच्या काठाशी. पाइपात आत थोडंसं ऑइल असणं स्वाभाविक आहे, त्यावरून टर्बो बाद ठरवू नये. पाइप काढून टर्बोच्या शाफ्टला बोटाने हलवा. आडवी किंचित हालचाल चालते. पुढे-मागे खेळ असेल किंवा पाती कवचाला घासल्याच्या खुणा असतील तरच टर्बो उतरवायचा.

टर्बो खरोखर मरतो तो ऑइलवाचून. हा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. एक्स्प्रेसवेवरून शंभराच्या वेगाने येऊन फूडमॉलला थांबताच चावी फिरवली तर बेअरिंगमधलं ऑइल तिथेच जळून कडक होतं. अर्धा ते एक मिनिट आयडलला ठेवून मग बंद करा. नवा टर्बो बसवताना त्याला ऑइल पुरवणारी बारीक नळीही नवीनच लावा. जुनीत कोळसा साठलेला असतो आणि तीच नव्या टर्बोचा जीव घेते. ९० पीएसच्या व्हीजीटी टर्बोत आणखी एक दुखणं आहे. गाडी कायम शहरात हळू चालली की काजळीने पाती अडकतात, मग दाब कधी जास्त, कधी कमी. आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस मिनिटं २५०० ते ३००० आरपीएमवर चालवली तर पाती मोकळी राहतात.

ईजीआर, इंजेक्टर आणि डिझेल फिल्टर

ईजीआर जळका धूर थोडा परत आत सोडतो. त्यातली काजळी आणि इंजिनाच्या ब्रीदर नळीतून येणारी ऑइलची वाफ मिळून डांबरासारखा थर बनतो आणि व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकतो. गाडी धक्के देते, आयडल खालीवर होतं, चेक इंजिनचा दिवा लागतो. काढून कार्ब्युरेटर क्लिनर आणि ब्रशने तोंड साफ करा, विजेच्या मोटरचा भाग ओला करू नका, गॅस्केट नवं लावा. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर व्हॉल्व्हची बैठक खराब होते. पत्रा लावून ईजीआर बंद करणं हा उपाय नाही. दिवा लागतो, प्रदूषण वाढतं आणि खरं कारण तसंच राहतं.

इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा वॉशर असतो. तो गळू लागला की इंजिनमधून चक-चक असा श्वासासारखा आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती काळी राळ जमते. लवकर पकडलं तर वॉशर बदलणं आणि बैठक कटरने साफ करणं एवढ्यात भागतं. महिनोन्‌महिने तसंच चालवलं तर इंजेक्टर त्या राळेत इतका घट्ट बसतो की ओढून काढताना मोडतो. इंजिन मिसिंग मारत असेल तर चारही इंजेक्टर बदलायला होकार देण्याआधी रिटर्न चाचणी करून घ्या: चारही रिटर्न नळ्या चार सारख्या पारदर्शक बाटल्यांत सोडायच्या, दोन मिनिटं आयडलला इंजिन चालवायचं आणि डिझेल मोजायचं. ज्या बाटलीत इतरांच्या कितीतरी जास्त आलं तो इंजेक्टर दोषी. नवा बसवल्यावर त्याच्या डोक्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, भरावाच लागतो. तो न भरता गाडी दिली तर खडखड आणि धूर राहतोच.

डिझेल फिल्टर २० हजारांना बदला. पावसाळ्यात त्याच्या तळाचा बोल्ट सैल करून पाणी काढा, स्वच्छ डिझेल येईपर्यंत. या हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, म्हणून टाकी कोरडी पडू देऊ नका, आणि फिल्टर बदलल्यावर हवा काढल्याशिवाय सेल्फ मारत बसू नका. चुकून पेट्रोल भरलं गेलं तर चावीसुद्धा लावायची नाही, टाकी तिथेच रिकामी करायची.

थर्मोस्टॅट उघडा अडकला की तापमानाची सुई वर येत नाही आणि अ‍ॅव्हरेज दोन-तीन किलोमीटरने पडतं. थंडीत हे लगेच जाणवतं. कूलंटमध्ये नळाचं पाणी नको. इंजिनाचे माउंटिंग बसले की आयडलला स्टिअरिंग थरथरतं. सियाझ आणि अर्टिगाच्या एसएचव्हीएस (सौम्य हायब्रिड) गाड्यांत सेल्फ आणि आल्टरनेटर एकत्र असून ते बेल्टवर चालतं, तेव्हा तो बेल्ट आणि टेन्शनर तडा जायची वाट न बघता बदलावा.

घ्यायला जाताना

विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी सकाळी सुरू करून ठेवू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत या, कारण चेनचा आवाज गार इंजिनच सांगतं. सुरू झाल्यावर ऑइलचं झाकण उघडा. थोडी वाफ चालते, धूर जोराने बाहेर येत असेल तर पिस्टन रिंग संपल्या. कूलंटच्या टाकीत तेलाची साय दिसली तर पुढे बघू नका. खाली वाकून चेंबर पाहा: स्पीडब्रेकरचा मार बसून आत दबलेला चेंबर ऑइलच्या जाळीला टेकतो आणि दाब कमी करतो. मग रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० पासून ३५०० पर्यंत पूर्ण पाय दाबून न्या. दोन हजारांच्या पुढे खेच एकसारखी हवी आणि मागे धुराचा पडदा नको. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर गरम झाल्यावरही राहिला तर इंजेक्टर किंवा हेडकडे बघावं लागेल.

दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथल्या गाड्या स्वस्तात आपल्याकडे येत राहिल्या. इंजिन चांगलं असू शकतं, पण एनओसी, इथला कर आणि फेरनोंदणी यांचा हिशोब किमतीत धरूनच बोला.

सर्व्हिसच्या पावत्या मागा आणि त्यांत फक्त ऑइल बदलाच्या तारखा आणि किलोमीटर वाचा. दीड लाख किलोमीटर झालेली, दर दहा हजारांना ऑइल बदललेली गाडी आम्ही बिनधास्त घ्यायला सांगू. सत्तर हजार झालेली, पण मधल्या तीन वर्षांत ऑइलची एकही पावती नसलेली गाडी घ्यायचीच असेल तर चेनच्या पूर्ण कामाचे पैसे सौद्यातून आधी वजा करा, आणि ताबा मिळताच पहिलं काम तेच करा.